तळटीप ७ : ‘तो निकाल’

७. पुस्तकाच्या या प्रकरणात लेखिका ज्या निकालाविषयी बोलते, तो कर्नाटक उच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने १५ मार्च २०२२ रोजी दिला. उडुपीच्या सरकारी पदवीपूर्व महाविद्यालयात हिजाब घातलेल्या मुलींना वर्गात बसू दिले नाही, तिथून वाद पेटला; ५ फेब्रुवारीला गणवेशाबाबत सरकारी आदेश निघाला. हिजाब ही इस्लाममधील अत्यावश्यक प्रथा नाही, असे पीठाने ठरवले आणि त्यासाठी अब्दुल्ला यूसुफ अली यांच्या कुराणभाष्याचा आधार घेतला. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात एकमत झाले नाही. न्या. हेमंत गुप्ता यांनी अपिले फेटाळली, न्या. सुधांशु धुलिया यांनी मुलीची निवड आणि तिचे शिक्षण यांना अग्रक्रम दिला.

ग्रंथाचा अर्थ कोणी लावायचा, हा वाद या निकालापेक्षा जुना आहे. इस्लामच्या अभ्यासक अमिना वदूद यांनी १९९२ मध्ये स्त्रीच्या नजरेने कुराण वाचून समतेचा दाखला त्यातच शोधला. समाजसुधारक हमीद दलवाईंनी वेगळी वाट धरली : १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला आणि तोंडी तलाकाविरुद्ध कायद्याकडे दाद मागितली. दोन्ही वाटांवर स्त्री स्वतः बोलते. उडुपीच्या वादात मात्र मौलवी, पुढारी, वकील असे सगळे बोलले आणि वर्ग मुलींचे बुडाले. डोके झाकावे की नाही हे मुलीनेच ठरवावे. शाळेचे दार दोन्ही वेळा उघडे हवे. — संपा.