जुना बिल्ला नेमका किती जुना असतो?

मे २०१३. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन या फुटबॉल क्लबने पुढच्या हंगामासाठी नवं बोधचिन्ह जाहीर केलं. मधला मनोरा ठळक केला, रंग कमी केले, दोन्ही बाजूंच्या पानांच्या माळा काढल्या आणि खालचं लॅटिन ब्रीदवाक्यही काढून टाकलं. क्लबचं कारण अगदी व्यवहारी होतं: चिन्ह छापायला, टीव्हीवर आणि छोट्या आकारात दिसायला सुटसुटीत हवं. काही दिवसांतच त्याविरुद्धच्या ऑनलाइन निवेदनावर २२ हजारांहून जास्त सह्या जमल्या. क्लबने माफी मागितली आणि पुढच्या वर्षी चाहत्यांना विचारून दुसरं चिन्ह करू, असं कबूल केलं.

एका चिन्हावरून एवढं? मी संशोधनाचा विषय सांगितला की नातेवाईकांचा पहिला प्रश्न हाच असतो (दुसरा असतो, "मग नोकरी कुठे मिळणार?", त्याचं उत्तर माझ्याकडे नाही). पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न इथे करते.

आधी एक शब्द ठरवून घेऊ. जर्सीवर डाव्या छातीवर जे चिन्ह असतं त्याला आपल्याकडे वर्तमानपत्रं 'बोधचिन्ह' म्हणतात. मी 'बिल्ला' म्हणणार आहे. बोधचिन्ह कंपनीचं असतं, संमेलनाचं असतं. बिल्ला माणूस अंगावर लावतो. हा फरक पुढे कामाला येईल.

बिल्ला बदलला की चाहत्यांची तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते: आमचा इतिहास पुसताय. इतिहासाचा विद्यार्थी असं वाक्य ऐकला की त्याचे हात शिवशिवतात. कुठला इतिहास? किती जुना? चला, तपासून बघू.

एव्हर्टनच्या बिल्ल्यावरचा मनोरा खरा आहे. शहराच्या एव्हर्टन भागात, एव्हर्टन ब्राऊ नावाच्या चढावर तो आजही उभा आहे. लोक त्याला 'प्रिन्स रूपर्टचा मनोरा' म्हणतात. रूपर्ट हा इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा भाचा आणि सेनापती. १६४४ साली यादवी युद्धात त्याने लिव्हरपूलला वेढा घातला तेव्हा त्याचा तळ याच भागात होता. नाव ऐकून वाटतं, वा, काय शौर्याची खूण आहे! पण मनोरा बांधला १७८७ साली, म्हणजे रूपर्टनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. आणि तो किल्ला नव्हता, टेहळणीचा बुरूजही नव्हता. ती होती कोठडी. दारुडे आणि भुरटे चोर रात्री पकडले की सकाळपर्यंत त्यांना डांबून ठेवायची दगडी खोली.

आता बिल्ल्याकडे या. हा मनोरा क्लबच्या चिन्हात आला १९३८ साली. क्लबचे सचिव थिओ केली यांना क्लबसाठी एक टाय करून घ्यायचा होता, आणि त्यावर काय काढावं याचा विचार करता करता मनोरा, दोन माळा आणि 'निल सॅटिस निसि ऑप्टिमम' हे ब्रीदवाक्य ठरलं. सर्वोत्तमाखेरीज काहीही पुरेसं नाही, असा त्याचा अर्थ. तो टाय १९३८-३९ च्या हंगामाच्या पहिल्या दिवशी केली आणि क्लबचे अध्यक्ष यांनी घातला. त्याच हंगामात एव्हर्टनने लीग जिंकली, पण ती जिंकणाऱ्या खेळाडूंच्या छातीवर मनोरा नव्हता. मनोरा साहेबांच्या टायवर होता.

खेळाडूंच्या जर्सीवर तो यायला १९८० साल उजाडावं लागलं. मधल्या काळात जर्सी बहुतेक वर्षं निव्वळ निळी होती. १९७० चं विजेतेपद साध्या निळ्या कापडावरच आलं. म्हणजे २०१३ मध्ये 'पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा' म्हणून ज्याच्यासाठी लोक भांडत होते, ते चिन्ह जर्सीवर येऊन तेहतीस वर्षं झाली होती. आणि त्या तेहतीस वर्षांतही ते अनेकदा थोडंथोडं बदललं होतं.

एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर या इतिहासकारांनी १९८३ साली परंपरा कशा 'घडवल्या' जातात यावर एक ग्रंथ संपादित केला. ज्या रूढी आपण पुरातन समजतो त्यातल्या बऱ्याच अलीकडे, कुणीतरी, कशासाठीतरी उभ्या केलेल्या असतात, हा त्यातला मुद्दा. त्यात हॉब्सबॉम यांनी इंग्लंडच्या कामगारवर्गाच्या फुटबॉलवेडाचाही विचार केला आहे. एव्हर्टनचा मनोरा या चौकटीत अगदी फिट्ट बसतो. मी माझ्या पहिल्या वर्षीच्या टिपणात असंच लिहिलं होतं: चाहत्यांचा इतिहास हा कल्पित इतिहास आहे, पूर्णविराम. लिहून मला फार हुशार वाटलं.

आता ते टिपण वाचताना कानकोंडं व्हायला होतं. कारण त्यात खरा प्रश्न आलाच नव्हता. १९३८ साली केली यांनी चाहत्यांना काही विचारलं नव्हतं. तेव्हा कुणी सह्या गोळा केल्या नाहीत. मग २०१३ मध्येच का?

कारण मधल्या काळात बिल्ला साहेबांच्या टायवरून लोकांच्या अंगावर आला. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडचा चाहता मैदानात जायचा तो रोजच्याच कपड्यांत, गळ्यात क्लबच्या रंगाचा मफलर घालून. ॲडमिरल या कंपनीने लीड्स युनायटेड आणि मग इंग्लंडच्या संघाशी करार करून खेळाडूंसारखीच जर्सी दुकानात विकायला आणली, तीही मुख्यतः मुलांसाठी. नक्कल सहज होऊ नये म्हणून जर्सीवर काहीतरी खास, हक्क राखून ठेवता येईल असं हवं होतं. कंपनीची खूण आणि क्लबचा बिल्ला यांना त्यामुळेच किंमत आली. साधा निळा सदरा कुणीही शिवेल. बिल्ल्याचा सदरा मात्र क्लबच विकणार.

गंमत अशी की यातून एकाच वेळी दोन मालक तयार झाले. क्लबसाठी बिल्ला विकाऊ मालमत्ता झाला आणि चाहत्यांसाठी तो अंगावरची ओळख झाला. लोक तो दंडावर गोंदवून घेऊ लागले. मालमत्ता मालकाला हवी तशी बदलता येते. गोंदण नाही बदलता येत.

हे दोन दावे एकदा चक्क कोर्टात समोरासमोर आले. लंडनच्या आर्सेनल क्लबच्या मैदानाबाहेर एक विक्रेता १९७० पासून क्लबचं नाव आणि चिन्हं असलेल्या वस्तू विकायचा. माल अधिकृत नाही, अशी पाटीही त्याच्या टपरीवर होती. क्लबने त्याच्यावर ट्रेडमार्कचा दावा लावला. बचाव असा होता की गिऱ्हाईक हे चिन्ह 'माल कुणी बनवला' हे कळावं म्हणून घेत नाही, आपली निष्ठा दाखवायला घेतं. हा निष्ठेचा बिल्ला आहे, कंपनीचा शिक्का नव्हे. लंडनच्या उच्च न्यायालयाला या म्हणण्यात तथ्य वाटलं. प्रकरण युरोपियन न्यायालयात गेलं, तिथे २००२ मध्ये निकाल क्लबच्या बाजूने झुकला आणि २००३ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने क्लबलाच जिंकवलं. लोक निष्ठेपोटी घेत असले तरी चिन्ह क्लबचंच, हे कायद्याने ठरलं. त्याच २००२ मध्ये आर्सेनलने १९४९ पासूनचा आपला बिल्ला बदलला. जुन्या बिल्ल्यात इतके जुने घटक एकत्र आले होते की त्याचे हक्क नीट राखता येत नाहीत, असं क्लबने सांगितलं. नव्या बिल्ल्यातून लॅटिन ब्रीदवाक्य गेलं आणि तोफेचं तोंड उजवीकडे वळलं.

माझ्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली इथे आहे. चाहते 'इतिहास' हा शब्द वापरतात कारण 'मालकी' हा शब्द त्यांच्या हातातून गेलेला आहे. कायद्याने बिल्ला त्यांचा नाही. मग आपला हक्क सांगायचा कसा? तर काळाच्या भाषेत: आम्ही इथे आधीपासून आहोत, मालक येतात आणि जातात. हा युक्तिवाद तारखांच्या कसोटीला लावला की पडतो, हे वर दाखवलंच. पण तो मुळात तारखांचा नाहीच. 'आम्हाला न विचारता का केलंत', हे त्याचं खरं रूप.

लीड्सचं उदाहरण बघा. जानेवारी २०१८ मध्ये या क्लबने शताब्दीच्या तोंडावर नवा बिल्ला दाखवला: छातीवर मूठ ठेवून सलाम करणारा चाहता. म्हणजे चित्रात खुद्द चाहताच! शिवाय दहा हजार लोकांशी बोलून हे केलं, असं क्लबचं म्हणणं. तरीही विरोधातल्या सह्या ५० हजारांवर गेल्या आणि क्लबने तो बिल्ला वापरायच्या आधीच गुंडाळला. या क्लबच्या जर्सीवर आधी घुबड होतं, १९७० च्या दशकात हसऱ्या चेहऱ्यासारखी दोन अक्षरं होती, मग मोर आला, मग यॉर्कशायरचं पांढरं गुलाब. एवढे बदल पचवलेल्या लोकांना बदलाचं वावडं आहे असं कसं म्हणणार? त्यांना स्वतःचं चित्र नको होतं. विचारपूस झाली म्हणे, पण प्रत्यक्ष चित्र समोर आलं तेव्हा मत द्यायला जागा नव्हती.

आणि कार्डिफ. वेल्सच्या या क्लबचं टोपणनावच 'ब्लूबर्ड्स', जर्सी निळी, बिल्ल्यावर निळा पक्षी. २०१२ साली मलेशियन मालक व्हिन्सेंट टॅन यांनी जर्सी लाल केली आणि बिल्ल्यावर मोठा लाल ड्रॅगन आणला. पक्षी उरला तो तळाशी, बारीक. सोबत गुंतवणुकीचं आश्वासन होतं आणि क्लबवर कर्ज होतं. इथे मात्र चाहत्यांत उभी फूट पडली. क्लब जगत असेल तर लाल चालेल, असं म्हणणारेही बरेच होते, आणि मी त्यांना भेकड म्हणणार नाही. २०१३ मध्ये लाल जर्सीतच संघ प्रीमियर लीगमध्ये चढला, पुढच्या वर्षी खाली आला. जानेवारी २०१५ मध्ये मालकांनी निळा रंग परत आणला. बिल्ला परत मिळाला, पण तो मालकाने दिला म्हणून मिळाला, हे विसरता येत नाही.

हे सगळं दूर इंग्लंडातलं वाटत असेल तर कोलकात्याकडे बघा. २०२० मध्ये मोहन बागान आणि एटीके यांचं एकत्रीकरण झालं. हिरवा-मरून रंग राहिला, बिल्ल्यावरची शिडाची नाव राहिली; त्यात फक्त 'एटीके' ही तीन अक्षरं आली. तीन अक्षरांसाठी चाहते जवळजवळ तीन वर्षं भांडले. मार्च २०२३ मध्ये गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर संघाने अंतिम सामना जिंकला आणि त्याच रात्री मालकांनी 'एटीके' काढत असल्याचं जाहीर केलं.

एव्हर्टनला परत जाऊ, कारण तिथला शेवट वाटतो तितका गोड नाही. कबूल केल्याप्रमाणे क्लबने चाहत्यांशी चर्चा केली, तीन नवे आराखडे मतदानाला ठेवले आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये निकाल सांगितला. मत देणाऱ्यांपैकी जवळजवळ ८० टक्क्यांनी एकच आराखडा निवडला. त्यात ब्रीदवाक्य परत आलं, माळाही आल्या. तोच आजचा बिल्ला. लोकशाहीचा विजय म्हणून हे उदाहरण खूप सांगितलं जातं. मला थोडी शंका आहे. निवड तीन नव्या आराखड्यांतून करायची होती. मुळात बदल हवा का, हा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हता. सह्या करणारे आणि मतं देणारे म्हणजे सगळे चाहते, असंही नाही. ज्याला फरक पडत नाही तो सही करत नाही, आणि इतिहासाच्या साधनांत त्याचा आवाज कधीच सापडत नाही. माझ्या प्रबंधातली ही मोठी अडचण आहे आणि ती अजून सुटलेली नाही.

दुसरं असं की नको असलेला बिल्ला लगेच काढता आला नाही. जर्सी तयार होऊन बसल्या होत्या, त्यामुळे २०१३-१४ चा अख्खा हंगाम संघ त्याच बिल्ल्यावर खेळला. आणि काय खेळला! नवे प्रशिक्षक रॉबर्टो मार्टिनेझ यांच्या हाताखाली पाचवा क्रमांक, ७२ गुण. प्रीमियर लीगमध्ये एव्हर्टनला एवढे गुण आधी कधी मिळाले नव्हते. डिसेंबरमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर ८६ व्या मिनिटाला ब्रायन ओव्हिएडोने गोल केला आणि एकवीस वर्षांनी एव्हर्टन तिथे जिंकलं. त्या गोलनंतरच्या जल्लोषाचे फोटो आजही शोधून बघा. जर्सीवर तोच बिल्ला आहे, माळा नसलेला, ब्रीदवाक्य नसलेला. त्या वर्षी सात-आठ वर्षांचा असलेला आणि पहिलीच जर्सी घेतलेला पोरगा आता विशीत असेल. त्याच्याकडचा 'जुना बिल्ला' तो आहे.