सोलापूरच्या उन्हात सदाहरित वृक्षांची रोपवाटिका

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो. जून-जुलैचा पाऊस बेभरवशाचा असतो, मोठ्या सरी बहुधा सप्टेंबरात येतात आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. अशा रखरखीत प्रदेशात बारमाही हिरव्या राहणाऱ्या शोभिवंत वृक्षांना मागणी असणे स्वाभाविक आहे. नव्या वसाहती, साखर कारखान्यांची आवारे, महाविद्यालये, पंढरपूर व अक्कलकोट येथील भक्तनिवास यांना सावली देणारी झाडे हवी असतात. केंद्र सरकारने २०१५ मध्ये हरित महामार्ग धोरण जाहीर केल्यानंतर रस्त्याकडेच्या लागवडीचीही त्यात भर पडली.

ही मागणी बरीचशी बाहेरून भागवली जाते. पुणे-सोलापूर महामार्गावरील उरुळी कांचन व सोरतापवाडी परिसर रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळच्या कडियम येथूनही महाराष्ट्रात मालमोटारींनी रोपे येतात. मात्र गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील दमट हवेत वाढलेले लुसलुशीत रोप सोलापूरच्या कोरड्या वाऱ्यात आणि चुनखडीयुक्त जमिनीत तग धरेलच असे नाही. येथील उन्हात वाढलेले, येथील पाण्याला सरावलेले रोप देणे हीच स्थानिक शेतकऱ्याची खरी संधी आहे. त्यासाठी तीन-चार वर्षे जमीन व पाणी गुंतवावे लागत असल्याने जातींची निवड चुकून चालत नाही.

जातींची निवड

सदाहरित वृक्षाची पाने गळतच नाहीत, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात अशा वृक्षाची पाने थोडी थोडी गळतात व नवी येत राहतात. बकुळ, जांभूळ, खिरणी, पुत्रंजीव व हिरवा अशोक हे या अर्थाने सदाहरित आहेत. कडुनिंब व करंज उन्हाळ्याच्या तोंडावर काही दिवस विरळ होतात, पण ऐन उन्हाळ्यात पुन्हा पालवतात. ग्राहकाला हे आधीच सांगितले, तर पुढच्या तक्रारी टळतात.

हलक्या, मुरमाड व चुनखडीच्या जमिनीसाठी कडुनिंब, करंज व खिरणी अधिक भरवशाचे आहेत. खिरणीची वाढ संथ असली तरी अवर्षण सोसण्याची तिची ताकद मोठी आहे. बकुळ डेरेदार व सुगंधी असल्याने मंदिरे व बंगल्यांसाठी पसंत केली जाते. तीही सावकाश वाढते. जांभळाला तुलनेने खोल जमीन व पाणी लागते. कुंपणालगत सरळ वाढणारा हिरवा अशोक खपतो, पण उथळ मुरमात तो खुरटतो. सीता अशोक हा निराळा वृक्ष असून त्याला ओलावा व आडोसा हवा असतो. दोघांची नावे एक करून विक्री केल्यास विश्वास जातो. सप्तपर्णीला हिवाळ्याच्या सुरुवातीस उग्र वासाची फुले येतात. म्हणून रुग्णालये व शाळांजवळ ती सुचवू नये. थंड हवेत शोभणारा अरोकेरिया येथील उघड्या उन्हात करपतो.

रोपनिर्मिती

या वृक्षांपैकी अनेकांचे बी साठवून ठेवता येत नाही. कडुनिंबाच्या बियांची उगवणक्षमता दोन-तीन आठवड्यांत झपाट्याने घटते. म्हणून पिकलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत सुकवून लगेच पेराव्यात. जांभूळ व हिरवा अशोक यांचे बीही ताजेच वापरावे. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात मिळतात. बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरल्यास उगवण चांगली होते. फायकस वर्गातील शोभेची झाडे छाट कलमाने किंवा पावसाळ्यात गुटी कलमाने वाढवता येतात. बी नेहमी निरोगी, डौलदार आणि याच परिसरात वाढलेल्या मातृवृक्षांचे घ्यावे.

पिशवी, माती आणि पाणी

सुरुवातीस ५ बाय ७ इंचांची पिशवी पुरते. काळी माती भिजली की चिकट होते व सुकली की भेगाळते. त्यामुळे पिशवीसाठी ती एकटी वापरू नये. तांबडी किंवा पोयट्याची माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात घ्यावे. रोप वाढेल तसे १२ बाय १२ व पुढे १८ बाय १८ इंचांच्या पिशवीत हलवावे. लहान पिशवीत मुळे गोल गुंडाळली गेली, तर जमिनीत लावल्यावरही ती मोकळी होत नाहीत आणि काही वर्षांनी झाड वादळात कोलमडते. म्हणून पिशवी बदलताना गुंडाळलेली मुळे छाटावीत. पिशव्या अधूनमधून जागेवरून सरकवाव्यात, म्हणजे मुळे खालच्या जमिनीत शिरत नाहीत.

जिल्ह्यातील अनेक कूपनलिकांचे पाणी क्षारयुक्त आहे. पाण्याची तपासणी केल्याशिवाय रोपवाटिका उभारू नये. कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसल्यास ते बहुधा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. अशा वेळी प्रतिलिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट व १ ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून फवारावे.

उन्हाची सवय

कोवळ्या रोपांना ५० टक्के सावलीची जाळी आवश्यक असते. मात्र रोप विक्रीपर्यंत सावलीतच ठेवणे ही मोठी चूक ठरते. मूळ धरल्यावर रोपे टप्प्याटप्प्याने उघड्या उन्हात आणावीत आणि पाण्याच्या पाळ्यांतील अंतर हळूहळू वाढवावे. असे रोप उंचीने थोडे कमी भरते, पण त्याचे खोड जाड व पाने टणक होतात. करंज व सप्तपर्णीच्या पानांवर गाठी येतात. अशी पाने वेळीच काढून नष्ट करावीत.

कोनोकार्पसचा धडा

झपाट्याने वाढणारा, कापून हवा तसा आकार देता येणारा सदाहरित वृक्ष म्हणून कोनोकार्पस काही वर्षे सर्वत्र खपला. पुढे त्याच्या परागांमुळे होणारी ॲलर्जी व मुळांमुळे भूमिगत वाहिन्यांना पोहोचणारा धोका यांवरून आक्षेप वाढले. गुजरात सरकारने २०२३ मध्ये व तमिळनाडू सरकारने २०२५ मध्ये त्याच्या लागवडीस बंदी घातली. एकाच लोकप्रिय जातीवर सारे भांडवल लावणाऱ्याचा माल अशा वेळी एका आदेशाने पडून राहतो. पाच-सहा जाती, त्यांतही देशी वृक्ष अधिक, हे धोरण सुरक्षित आहे.

हिशेब

एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. प्रत्येक मोठ्या पिशवीस ३ बाय ३ फूट जागा दिली व पाऊण क्षेत्रच वापरात धरले, तर सुमारे ३,६०० झाडे बसतात. मे महिन्यात प्रत्येकास दररोज ५ लिटर पाणी धरल्यास १८ हजार लिटरची रोजची तजवीज लागते. जमिनीपेक्षा मे महिन्यातील पाणीच रोपवाटिकेचे आकारमान ठरवते. शंभरातील वीस रोपे मेली, तर त्यांचा खर्च उरलेल्या ऐंशींवर चढतो व प्रत्येक रोप २५ टक्क्यांनी महाग पडते. मोठ्या झाडांचे पैसे उशिरा येत असल्याने काही रोपे पहिल्याच वर्षी लहान पिशवीत विकून खेळते भांडवल उभे करावे.

विक्री आणि नियम

जिवंत रोपांवर वस्तू व सेवा कर लागत नाही. रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचे उत्पन्न २००८ च्या वित्त कायद्याने शेती उत्पन्न मानले गेले आहे. बागेची आखणी व देखभाल यांच्या ठेक्याचे उत्पन्न मात्र त्यात येत नाही. फळझाडांची कलमेही विकायची असल्यास १९६९ च्या राज्य कायद्यानुसार परवाना घ्यावा लागतो. प्रत्येक मोकळी जागा झाडांसाठी नसते, हेही ग्राहकाला सांगावे. नान्नज परिसरातील माळढोकाला उघडी गवताळ रानेच लागतात. तेथे दाट वृक्षलागवड हानिकारक ठरते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने प्रथम पाच गुंठ्यांत, उपलब्ध पाण्याच्या बेताने रोपे करावीत. उघड्यावर किमान एक पूर्ण उन्हाळा काढलेले रोपच मोठे झाड म्हणून विकावे. लागवडीनंतर पुढचा मे महिना ते झाड ग्राहकाच्या अंगणात हिरवे राहिले, की दुसऱ्या मागणीसाठी वेगळ्या जाहिरातीची गरज सहसा पडत नाही.