वेगळा ग्लास आणि कचऱ्यातली सुई

नालासोपारा पूर्वेच्या एका वस्तीत जयंतीची वर्गणी गोळा करताना एका घरात चहा झाला. आम्हा सगळ्यांना कपबशी, घरातल्या थोरल्या मुलाला मात्र खिडकीत बाजूला ठेवलेला प्लास्टिकचा ग्लास. मुलाला एचआयव्ही आहे, हे निघताना जिन्यात दबक्या आवाजात कळलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. ज्यांच्या आजोबांनी गावच्या हॉटेलात वेगळ्या कपात चहा प्यायला, त्यांच्याच घरात हा ग्लास आला कुठून?

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तर सनातन्यांनी शेण-गोमूत्र ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. पाण्याला काहीच झालं नव्हतं. खटला मात्र दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला.

बावन्न वर्षांनी त्याच न्यायालयापुढे स्पर्शाच्या भीतीचं दुसरं प्रकरण आलं. गोव्याचा डॉमिनिक डिसोझा. आडनाव वसईच्या कुठल्याही आळीत सापडेल असं. तो नियमित रक्तदान करायचा. त्या रक्तात एचआयव्ही सापडला आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला उचललं. गोव्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती! क्षयरोग्यांच्या जुन्या, ओस इमारतीत त्याला ६४ दिवस कोंडलं. आई लुसी कोर्टात गेली. डॉमिनिक सुटला, पण कोंडण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने रद्द केला नाही. भीती काळ्या कोटालाही सोडत नाही, असं आम्ही म्हणतो ते म्हणूनच. १९९२ मध्ये तो वारला.

१९९७ ला याच न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली. एका सरकारी कंपनीने एचआयव्ही असलेल्या हंगामी कामगाराला काम नाकारलं होतं. माणूस कामाला सक्षम असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर निव्वळ एचआयव्हीमुळे त्याची रोजीरोटी काढता येणार नाही, असा तो निकाल.

इतरांना धोका नसेल, हे कशावरून? हा विषाणू असुरक्षित शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, एकमेकांच्या वापरलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला जातो. कपातून, ताटातून, संडासातून, डासातून जात नाही. विरार लोकलमध्ये घामाला घाम लागतो, त्यातूनही नाही. रोज औषध घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. औषध सरकारी एआरटी केंद्रात मोफत मिळतं.

आता जिथे काळजी करायला हवी तिथे बघा. दवाखान्याचा कचरा उचलणारे हात कोणाचे असतात, हे आम्ही सांगायला नको. बाधित रक्ताची ताजी सुई टोचली तरी एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. कचऱ्यात पडून राहिलेल्या सुईची त्याहून कमी. तरीही जखम साबण-पाण्याने धुवून लगेच सरकारी रुग्णालय गाठायचं. प्रतिबंधक गोळ्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, ७२ तासांच्या आत सुरू व्हायलाच हव्यात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. हेपॅटायटिस-बी तर सुईतून एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो, आणि त्याची लस आहे.

१० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही कायद्याने भेदभावाला बंदी केली आहे. जिथे कामातून लागण होण्याचा मोठा धोका आहे, तिथे संरक्षक साधनं, प्रशिक्षण आणि या गोळ्या देणं मालकाला बंधनकारक केलं आहे. आपल्या वस्तीतल्या सफाई कामगारांना ठेकेदाराने हातमोजे कधी दिले, लस दिली का, हे या रविवारी विचारून या. त्या घरी आम्ही पुन्हा चहाला जाणार आहोत.