महामारीतील शाळा, लखनौ

महामारीतील शाळा, लखनौ : साथ चालू असताना संसर्गाची जोखीम आटोक्यात ठेवून मुलांना प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याची व्यवस्था. उत्तर प्रदेशची राजधानी लखनौ येथे मार्च २०२० ते एप्रिल २०२२ या काळात ती कशी राबवली गेली, हा या नोंदीचा विषय आहे. कोविड-१९ च्या तीन लाटांत येथील शाळा तीनदा बंद झाल्या व तीनदा टप्प्याटप्प्याने उघडल्या. प्रत्येक वेळी नववी ते बारावीचे वर्ग आधी भरले आणि सर्वांत लहान मुले शेवटी शाळेत आली.

पार्श्वभूमी : साथ आली की शाळेला कुलूप लावण्याची रीत जुनी आहे, तिला पर्यायही जुनेच आहेत. १९०४ मध्ये बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथे क्षयाची भीती असलेल्या मुलांसाठी उघड्यावरची शाळा सुरू झाली. १९१८ च्या इन्फ्लुएंझात अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क आणि शिकागो यांनी मात्र रोज मुलांची तपासणी करून त्या चालू ठेवल्या. दाटीवाटीच्या घरापेक्षा मूल शाळेत अधिक नजरेखाली राहते, असा त्यामागचा विचार होता. भारतात साथ रोखण्याचे अधिकार प्रशासनाला १८९७ च्या साथरोग कायद्याने मिळाले. मुंबई इलाख्यातील प्लेगमुळे झालेला हाच कायदा १२३ वर्षांनी लखनौतही लागू झाला.

लखनौतील शाळा एका साच्याच्या नाहीत. गोमतीकाठच्या कॉन्स्टान्शिया या प्रासादात भरणारे ला मार्टिनिअर कॉलेज १८४५ चे आहे. १९५९ मध्ये पाच मुलांवर सुरू झालेल्या सिटी माँटेसरी स्कूलची पटसंख्येच्या बळावर जगातील सर्वांत मोठी शाळा म्हणून गिनेस विक्रमांत नोंद झाली. मलिहाबाद, काकोरी, माल, मोहनलालगंज या तालुकावजा विकासखंडांत बेसिक शिक्षा परिषदेच्या सरकारी प्राथमिक शाळा आहेत. चौक-अमीनाबादच्या गल्लीबोळांत दोन-तीन खोल्यांत चालणाऱ्या खासगी शाळाही आहेत. इमारती इतक्या वेगळ्या असल्या, तरी शाळा उघडण्याचा व बंद करण्याचा आदेश सर्वांना एकच मिळत गेला.

पहिला बंद (मार्च २०२० ते मार्च २०२१) : जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी महामारी जाहीर केली, त्याच सुमारास लखनौत पहिला रुग्ण आढळला. १३ मार्चला राज्य सरकारने शाळा २२ मार्चपर्यंत बंद ठेवण्याचे जाहीर केले. पुढे देशव्यापी टाळेबंदी आली आणि ही मुदत लांबत गेली. पहिली ते आठवीची मुले परीक्षेविना वरच्या वर्गात गेली. ‘मिशन प्रेरणा की ई-पाठशाला’ या उपक्रमातून परिषदेच्या शाळांचे धडे व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवले जाऊ लागले. ज्या घरात एकच फोन आणि तोही कमावत्या माणसाच्या खिशात, तेथे धडा संध्याकाळीच पोचे, किंवा पोचतच नसे.

शाळेबरोबर मध्यान्ह भोजनही थांबले. प्राथमिक वर्गांतील मुलामागे रोज १०० ग्रॅम व उच्च प्राथमिक वर्गांत १५० ग्रॅम धान्य असे आहाराचे प्रमाण आहे. बंदच्या दिवसांचा हिशेब करून ते धान्य रेशन दुकानातून आणि शिजवण्याचा खर्च पालकांच्या खात्यात देण्याची सोय झाली. धान्य घरी आले, तरी ते मुलाच्या ताटात वेगळे राहण्याची खात्री नव्हती.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ५ ऑक्टोबर २०२० रोजी शाळा उघडण्याची कार्यपद्धती दिली. तिच्या आधारे उत्तर प्रदेशात १९ ऑक्टोबरपासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू झाले : दोन पाळ्या, एका दिवशी निम्मीच हजेरी, पालकांचे लेखी संमतीपत्र, फाटकावर ताप मोजणे, हात धुण्याची सोय, सहा फुटांचे अंतर आणि सर्वांना एकदम न सोडता टप्प्याने सोडणे. हजेरीची सक्ती नव्हती. सहावी ते आठवीचे वर्ग १० फेब्रुवारी २०२१ रोजी आणि पहिली ते पाचवीचे १ मार्चला उघडले. लहान वर्गांचे वार ठरवून दिले होते. पहिली व पाचवी सोमवारी-गुरुवारी, दुसरी व चौथी मंगळवारी-शुक्रवारी, तिसरी बुधवारी-शनिवारी. होळीच्या तोंडावर, २४ मार्चपासून, आठवीपर्यंतचे वर्ग पुन्हा बंद झाले. जवळजवळ वर्षभराने शाळेत आलेल्या पहिलीच्या मुलाच्या वाट्याला अशा रीतीने जास्तीत जास्त सात दिवस आले आणि त्यांतही एक महाशिवरात्रीचा होता.

दुसरी लाट व शिक्षक : एप्रिल २०२१ मध्ये लखनौतील रुग्णालये व स्मशाने अपुरी पडली. भैंसाकुंड येथील स्मशानाभोवती पत्रे ठोकल्याने शहराचे नाव देशभर झाले. शाळा बंदच होत्या, पण शिक्षक घरी नव्हते. १५, १९, २६ व २९ एप्रिलला राज्यात पंचायत निवडणुकीचे मतदान झाले व २ मे रोजी मोजणी. या कामावर मोठ्या संख्येने शिक्षक नेमलेले होते. या काळात १,६२१ शिक्षक व कर्मचारी कोविडने दगावल्याची यादी प्राथमिक शिक्षक संघाने दिली. शासनाने आरंभी कामावर असताना झालेले तीनच मृत्यू धरले. नंतर निवडणूक कामापासून ३० दिवसांतील मृत्यू ग्राह्य धरून कुटुंबांना प्रत्येकी ३० लाख रुपये देण्याचे ठरले. शाळेच्या सुरक्षिततेचा विचार शिक्षकाला वगळून करता येत नाही, हे या प्रकरणाने दाखवले. वर्गात मुलांपासून दूर ठेवलेला शिक्षक मतदान केंद्रावर गर्दीत बसला होता.

दहावी व बारावीच्या राज्य मंडळाच्या २०२१ च्या परीक्षा रद्द झाल्या. जुलैत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या चौथ्या रक्तद्रव पाहणीचे निष्कर्ष आले : ६ ते ९ वर्षांच्या ५७.२ टक्के आणि १० ते १७ वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांत प्रतिपिंडे आढळली. म्हणजे शाळा बंद असूनही निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेला होता. परिषदेचे तत्कालीन महासंचालक बलराम भार्गव यांनी शाळा उघडायच्या तर प्राथमिक वर्गांपासून सुरुवात करावी, असे सुचवले. लखनौत क्रम बदलला नाही. १६ ऑगस्ट २०२१ ला नववी ते बारावी, २४ ऑगस्टला सहावी ते आठवी आणि १ सप्टेंबरला पहिली ते पाचवी असे वर्ग भरले. वरच्या वर्गांना मंडळाच्या परीक्षेची निकड असते आणि मोठी मुले मुखपट्टी व अंतराचे नियम पाळतात, ही या क्रमाची कारणे. वाचनाची पहिली ओळखच वर्गात होते, हे त्याच्या विरुद्धचे कारण. ते मागे पडले.

सुरक्षिततेचे उपाय : फाटकावरचा तापमापक आणि बाकांवरचे जंतुनाशक हे उपाय डोळ्यांना दिसत, म्हणून ते झटपट रुळले. विषाणू मुख्यतः बंद खोलीतील हवेतून पसरतो, हे मात्र उशिरा स्पष्ट झाले. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये सार्वजनिक इमारतींत माणशी सेकंदाला किमान १० लिटर ताजी हवा असावी, असे सांगितले. साध्या भाषेत : समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, झडपा मोकळ्या, वर्गात मुले कमी, आणि जमेल तो तास व्हरांड्यात वा झाडाखाली. मैदान असलेल्या खेड्यातील बेसिक शिक्षा परिषदेच्या शाळेला हे शहरातील कोंदट इमारतीपेक्षा सोपे जाते. हात धुण्याच्या बाबतीत २०१८ पासूनच्या ‘ऑपरेशन कायाकल्प’चा उपयोग झाला. या योजनेत सरकारी शाळांना पाणी, स्वच्छतागृहे व हात धुण्याचे ओटे पुरवायचे होते.

लखनौचे हवामान या उपायांना सर्व ऋतूंत साथ देत नाही. जानेवारीत दाट धुके व थंडीची लाट येते आणि उघड्या खिडकीजवळ मूल कुडकुडते. मे-जूनमध्ये लू (उष्ण वारे) वाहते तेव्हा दारे लावून घ्यावी लागतात. झाडाखाली वर्ग भरवण्याजोगे दिवस मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबर व फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतात. शाळेबाहेरचा धोकाही उरतोच. वर्गात एका बाकावर एक बसलेली मुले घरी जाताना व्हॅन किंवा ई-रिक्षात खेटून बसत.

तिसरी लाट : ओमायक्रॉनची लाट जानेवारी २०२२ मध्ये, ऐन धुक्याच्या दिवसांत आली. संक्रांतीपर्यंत म्हणून दिलेली सुट्टी ६ फेब्रुवारीपर्यंत लांबली. १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारीला सुरू झाले होते. ७ फेब्रुवारीला नववी ते बारावी आणि १४ फेब्रुवारीला बालवाडी ते आठवीचे वर्ग भरले. २३ फेब्रुवारीला लखनौत विधानसभेचे मतदान झाले. १२ ते १४ वयोगटाची लस १६ मार्चला सुरू झाली. राज्य मंडळाच्या परीक्षा २४ मार्चपासून प्रत्यक्ष घेण्यात आल्या.

महाराष्ट्राशी तुलना : महाराष्ट्रातही २३ नोव्हेंबर २०२० रोजी आधी नववी ते बारावीच उघडली आणि शहरांतील पहिली ते सातवीला डिसेंबर २०२१ उजाडला. त्या दृष्टीने दोन्ही राज्ये सारखीच. फरक निर्णय कोणी घ्यायचा यात होता. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्राने कोरोनामुक्त गावांत ग्रामपंचायतीच्या ठरावाने आठवी ते बारावीचे वर्ग भरवण्याची मुभा दिली; गावात आधी महिनाभर रुग्ण नसावा, ही अट होती. जानेवारी २०२२ मध्येही शाळा उघडण्याचा अधिकार स्थानिक प्रशासनाकडे सोपवला गेला. उत्तर प्रदेशात तारखा बहुधा राज्यभर एकच राहिल्या. रुग्ण नसलेल्या माल विकासखंडातील गावाला आणि दाट वस्तीच्या आलमबागेला एकाच दिवशी कुलूप लागे व एकाच दिवशी ते निघे.

परिणाम : ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२२ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०.५ टक्क्यांवर आली. घट आधीच्या दशकातील प्रगती पुसणारी होती आणि तिचा भार सर्वांत उशिरा शाळेत आलेल्या वयोगटावर पडला. उत्तर प्रदेशात एप्रिल २०२२ मध्ये ‘स्कूल चलो अभियान’ काढून मुलांना पुन्हा पटावर आणण्याचा प्रयत्न झाला. बंदच्या काळात खासगी शाळांनी घेतलेल्या शुल्काचा वाद न्यायालयात गेला. जानेवारी २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२०-२१ मध्ये घेतलेल्या शुल्कापैकी १५ टक्के रक्कम समायोजित करण्याचा किंवा परत देण्याचा आदेश खासगी शाळांना दिला.

एप्रिल २०२२ मध्ये रुग्ण पुन्हा वाढू लागले, तेव्हा १८ तारखेला लखनौ व दिल्लीलगतच्या सहा जिल्ह्यांत सार्वजनिक ठिकाणी मुखपट्टी सक्तीची झाली. या वेळी लखनौतील शाळा सरसकट बंद करण्याचा आदेश निघाला नाही. पहिलीचे वर्गही भरत राहिले.