रात्रपाळीचा बिनपगारी कारकून

बॅकअप म्हणजे कामाच्या माहितीची दुसऱ्या जागी ठेवलेली नक्कल. जमिनीच्या दस्ताची नक्कल आपण काढून ठेवतो, तसेच हे. संगणकावर हे काम पूर्वी माणूस करीत असे. टेप चढवायची, आज्ञा द्यायची, टेप भरली की कपाटात ठेवायची. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘टार’ ही आज्ञा आली. ‘टेप आर्काइव्ह’चे हे लघुरूप. बहुतेक ठिकाणची टेप गेली, नाव मात्र टिकले. आपणही अजून फोनचा नंबर ‘फिरवतो’च की!

१९९१ साली लिनक्स आले आणि युनिक्सची ही हत्यारे घरोघरच्या संगणकांवर पोहोचली. अडचण होती ती तारेची. रोज रात्री सगळा डोलारा नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर न्यायचा, तर पहाट व्हायची. १९९६ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ‘आरसिंक’ लिहिले. पलीकडचे यंत्र आपल्याकडील जुन्या फायलीचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याची एक छोटी आकडेवजा खूण पाठवते. अलीकडचे यंत्र खुणा ताडून पाहते आणि बदललेला भागच धाडते. मला ही युक्ती आजही फार सुंदर वाटते.

मग पाच-दहा आज्ञा एका फायलीत ओळीने लिहायच्या, हीच शेल स्क्रिप्ट. ‘क्रॉन’ला रात्री दोनची वेळ सांगायची आणि घरी जाऊन झोपायचे. असा बिनपगारी कारकून कोणाला नको? फक्त तो शंका विचारीत नाही.

याची जबर किंमत जपानच्या क्योतो विद्यापीठाने मोजली. तिथल्या महासंगणकाच्या बॅकअपची स्क्रिप्ट अधिक सुवाच्य करण्यासाठी यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीने तिच्यात फेरफार केले, आणि जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच नवी तिच्या जागी ठेवली. ‘बॅश’ हा शेल स्क्रिप्ट एकदम वाचून घेत नाही, चालता चालता वाचतो. अर्धे काम जुन्या कागदावरून झाले, उरलेले नव्यावरून. नव्यात जागेचे नाव बदललेले, त्यामुळे ते रिकामेच राहिले. दहा दिवसांहून जुन्या नोंदी पुसण्याची आज्ञा थेट संशोधकांच्या फायलींवर चालली.

१४ ते १६ डिसेंबर २०२१ या काळात सुमारे ७७ टेराबाइट माहिती, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख फायली पुसल्या गेल्या. आणि हे सारे केले बॅकअपच्याच कामाने! रिकामे नाव दिसताच थांबण्याची सोय बॅशमध्ये आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. कंपनीने पूर्ण जबाबदारी स्वीकारली. पुढे ताज्या नकलेबरोबर काही काळ मागच्या नकलाही ठेवायचे विद्यापीठाने ठरवले. फटका बसलेले संशोधन गट १४ होते. त्यांपैकी ४ गटांच्या फायली बॅकअपमधूनही परत मिळणाऱ्या नव्हत्या.