दारातली पायरी आणि सॅल्फर्डच्या गल्ल्या : स्मरणरंजन इतिहासात कसे वाचावे?

१/ इंग्लंडमधील मँचेस्टर शहराला लागूनच, अर्वेल नदीच्या पलीकडे सॅल्फर्ड हे शहर वसले आहे. कापडगिरण्या, गोदी, कारखान्यांची धुरांडी आणि त्यांच्या सावलीत विटांच्या दुमजली घरांच्या लांबच लांब रांगा, असे त्याचे जुने रूप. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे वाढलेली माणसे आपल्या गल्लीविषयी बोलू लागली, की सूर बहुधा एकच असतो : दारिद्र्य होते, पण माणुसकी होती; दाराला कुलूप लावावे लागत नव्हते. या स्मरणरंजनाचे इतिहासाने काय करायचे? आजचा थ्रेड या प्रश्नाविषयी.

२/ आधी घर पाहू. खाली दोन खोल्या, वर दोन. मागे चिमुकले फरसबंद परसू. त्यातच कोळशाची कोठडी आणि संडास. न्हाणीघर नाही. खिळ्याला टांगलेला पत्र्याचा टब आठवड्यातून एकदा शेगडीपुढे येई आणि घरातील माणसे एकामागून एक त्याच पाण्यात अंघोळ उरकत. ही केवळ सॅल्फर्डची स्थिती नव्हती. १९५१च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समधील एक-तृतीयांशाहून अधिक कुटुंबांकडे कायमचा बसवलेला बाथटब नव्हता.

३/ या घरांतील दिवसांना ठरलेली लय होती. पहाटे ‘नॉकर-अप’ लांब काठीने माडीच्या खिडकीवर टकटक करून कामगारांना पाळीसाठी उठवी. त्याबद्दल त्याला आठवड्याला काही पेन्स मिळत. सोमवार धुण्याचा. पाणी उकळायचे, पिंपात कपडे लाकडी दांड्याने घुसळायचे, दोन रुळांच्या यंत्रातून पिळून काढायचे आणि दोरीवर वाळत घालायचे. हवेत धुराची काजळी इतकी, की धुतलेला कपडा वाळेपर्यंत पुन्हा मळेल ही धास्ती कायमची.

४/ आणि मग ती पायरी. दार थेट रस्त्यावर उघडे, अंगण नाही. म्हणून दाराबाहेरची एक दगडी पायरी हेच घराचे दर्शनी रूप. बायका गुडघे टेकून ती घासत आणि ‘डाँकी स्टोन’ नावाच्या मऊ दगडी ठोकळ्याने तिच्या कडेला पांढरी वा पिवळसर रेघ ओढत. हा ठोकळा भंगारवाला जुन्या कपड्यांच्या बदल्यात देई. आपल्याकडची बोहारीण कपड्यांवर भांडी देते, तसाच हा व्यवहार. आठवणींत ही पायरी अभिमानाची खूण म्हणून वारंवार येते.

५/ सणही होते. वसंताच्या अखेरीस येणाऱ्या व्हिटसनच्या सणात चर्चच्या मिरवणुका निघत. त्यासाठी मुलांना नवे कपडे शिवले जात आणि मुली पांढऱ्या पोशाखात चालत. लँकेशरच्या गिरणगावांत वर्षातून एकदा ‘वेक्स वीक’ येई : गिरण्या बंद, आणि गावेच्या गावे आगगाडीने ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर. १९४५ साली युद्ध संपल्यावर आणि १९५३ साली राणीच्या राज्यारोहणाच्या सोहळ्याला गल्लीच्या मधोमध टेबले मांडून मुलांना मेजवानी दिली गेली. हे सुख खोटे नव्हते.

६/ परंतु याच शहरातील एका साक्षीदाराने या चित्राकडे निराळ्या नजरेने पाहिले. रॉबर्ट रॉबर्ट्स १९०५ साली सॅल्फर्डमध्ये जन्मले. त्यांच्या घरचे कोपऱ्यावर किराणा दुकान होते. १९७१ साली प्रकाशित झालेल्या ‘द क्लासिक स्लम’ या पुस्तकात त्यांनी पहिल्या महायुद्धापूर्वीची आपली वस्ती रेखाटली. दुकानाच्या गल्ल्यामागून दिसणारे जग गल्लीत खेळणाऱ्या मुलाच्या जगापेक्षा वेगळे असते.

७/ उधारीचेच पाहा. आठवणीत ती शेजारधर्म म्हणून येते. रॉबर्ट्स सांगतात, की उधार मागायला येई ती बाईच, पुरुष नव्हे. आणि त्यांची आई मनातल्या मनात हिशेब मांडी : खाणारी तोंडे किती, नवरा आजारी तर नाही, घरात क्षय तर नाही? सोमवारी नवऱ्याचा रविवारचा सूट गहाणाच्या दुकानात जाई आणि पगार झाला की सोडवून आणला जाई. कोण तिथे जाते, कोण जात नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक असे आणि त्यावरून घराची पत ठरे.

८/ आता पायरीकडे पुन्हा पाहा. ती अभिमानाची खूण होती, तशीच ती परीक्षाही होती. न घासलेली पायरी म्हणजे घरातील बाईचा बोभाटा. एकमेकांना सांभाळणारी गल्ली तीच, एकमेकांवर नजर ठेवणारी गल्लीही तीच. आणि त्या उघड्या दारांविषयी एक साधा प्रश्न विचारायला हवा : ज्या घरातला चांगला सूटही आठवडाभर गहाण असे, तिथे चोराने न्यावे असे काय होते?

९/ स्मरणरंजनाची सीमा बहुधा गल्लीच्या तोंडाशीच संपते. गिरणीत येणारा कापूस कुठून येई, तयार कापड कुठे जाई, हे त्यात नसते. त्या सीमेबाहेर आपण आहोत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस आटला, तेव्हा लँकेशरच्या गिरण्या पश्चिम भारतातून मुंबई बंदरमार्गे येणाऱ्या कापसाकडे वळल्या. ‘सुरत’ या नावाने ओळखला जाणारा तो आखूड धाग्याचा कापूस तिथल्या कामगारांना नकोसा वाटे. सूत वारंवार तुटे आणि कामाच्या मापावर मिळणारी मजुरी घटे.

१०/ तर मग ही सारी आठवण भाबडी म्हणून बाजूला सारायची का? इथे दुसरी बाजू येते. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून पुढील वीसेक वर्षांत इंग्लंड-वेल्समध्ये गलिच्छ वस्ती निर्मूलनाखाली दहा लाखांहून अधिक घरे पाडली गेली. वॉल्टर ग्रीनवुड यांनी १९३३च्या ‘लव्ह ऑन द डोल’ या कादंबरीतून अजरामर केलेला सॅल्फर्डचा हँकी पार्क भाग १९६०च्या दशकात भुईसपाट झाला. तिथे उंच इमारती आल्या. त्याच काळात, ९ डिसेंबर १९६० रोजी, अशाच एका गल्लीवर बेतलेली ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. खरी गल्ली नष्ट होत होती आणि तिची प्रतिमा घराघरांत पोहोचत होती.

११/ घर राहण्यास अयोग्य ठरवण्याचे निकष १९५७च्या गृहनिर्माण कायद्यात नोंदलेले होते : डागडुजी, ओल, उजेड, हवा, पाणीपुरवठा, सांडपाण्याची व्यवस्था. निकष रास्तच होते. पण शेजारी कोण राहते, आजारपणात मुले कोणाकडे ठेवता येतात, आई किती पावलांवर आहे, यासाठी त्या यादीत रकाना नव्हता. जे मोजले गेले नाही, ते पाडताना हिशेबात आले नाही.

१२/ काही ठिकाणी तर मोजलेलेही मिळाले नाही. सॅल्फर्डशेजारी मँचेस्टरच्या ह्यूम भागात जुन्या रांगा पाडून अर्धचंद्राकृती इमारतींचा प्रचंड प्रकल्प १९७२ साली पूर्ण झाला. त्याच्या चार भागांना नामांकित वास्तुरचनाकारांची नावे होती. ओल आणि कीटक मात्र नव्या घरांतही आले, आणि काही वर्षांतच लहान मुलांच्या कुटुंबांसाठी ही जागा योग्य नाही असे ठरले. १९९०च्या दशकात तो प्रकल्पही पाडला गेला.

१३/ येथे एक सावधगिरी हवी, आणि तिचा धडा लंडनमधून मिळतो. मायकेल यंग आणि पीटर विल्मॉट यांनी १९५७ साली पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीनचा अभ्यास प्रसिद्ध केला. आई आणि लग्न झालेली मुलगी यांचे जवळचे नाते नव्या वसाहतीत गेल्यावर कसे विरळ होते, हे त्यांनी दाखवले. पुढे जॉन लॉरेन्स या इतिहासकाराने त्यांची मूळ टिपणे पुन्हा वाचली. एकोप्याच्या चित्राला छेद देणारे, वस्ती सोडू पाहणारे कितीतरी आवाज त्यांत होते. छापील पुस्तकात त्यांना पुरेसे वजन मिळाले नव्हते. म्हणजे स्मरणरंजन केवळ वृद्धांच्या मनात नसते. ते संशोधकाच्या वहीतही शिरते.

१४/ म्हणून अशा आठवणींना मी दोन प्रश्न विचारते. पहिला : या आठवणीत कष्ट कोणाचे आहेत, आणि ते कोणाच्या तोंडून सांगितले जात आहेत? चकाकणारी पायरी आठवणारा मुलगा आणि ती घासणारी आई यांची गल्ली एक नव्हे. दुसरा : ही व्यक्ती नेमके काय हरवल्याचे सांगते आहे? परसातला संडास परत हवा, असे सहसा कोणी म्हणत नाही. लोक शोक करतात तो दारात उभे राहून शेजारणीशी बोलण्याच्या सवयीचा. त्या सवयीची नोंद सर्वेक्षणात नाही, जनगणनेत नाही; ती केवळ आठवणीतच सापडते.

१५/ आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी चाळीच्या, वाड्याच्या किंवा गावाच्या आठवणी काढल्या, तर त्या जरूर लिहून ठेवा. मात्र आजोबांचे सांगून झाले, की तोच प्रश्न आजींनाही विचारा, आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहा.