फातिह मेहमेत माचोलू : ओवाजिक ते तुंजेली

तुर्कस्तानच्या पूर्व भागात, मुंझुर पर्वताच्या पायथ्याशी ओवाजिक हा अवघ्या काही हजार वस्तीचा तालुका आहे. तुर्की प्रशासनात प्रांताच्या खालच्या या घटकाला ‘इल्चे’ म्हणतात. त्याचा महापौर दर पाच वर्षांनी थेट जनतेतून निवडला जातो. मार्च २०१४ च्या स्थानिक निवडणुकीत येथून फातिह मेहमेत माचोलू विजयी झाले आणि देशभरातील वृत्तपत्रांनी त्यांना ‘कम्युनिस्ट महापौर’ हे नाव दिले. व्यवसायाने ते आरोग्य कर्मचारी. मूळचे दुसऱ्या एका डाव्या गटातील असले तरी ही निवडणूक त्यांनी तुर्की कम्युनिस्ट पक्षाच्या (टीकेपी) तिकिटावर लढविली होती.

माचोलू यांचे नाव झाले ते मात्र विचारसरणीमुळे नव्हे, तर हरभरा आणि घेवड्यामुळे. पडीक पडलेल्या सरकारी जमिनी नगरपालिकेने लागवडीखाली आणल्या. तेथील कडधान्ये आणि परिसरातील मध सहकारी संस्थेमार्फत मोठ्या शहरांत विकण्यात आला व उत्पन्नाचा काही भाग गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी राखून ठेवण्यात आला. बसप्रवास मोफत झाला, पाणीपट्टी कमी झाली. नगरपालिकेचा जमाखर्च कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या फलकावर लावण्याची प्रथा त्यांनी पाडली. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला यात फार नवे वाटणार नाही. पण तुर्कस्तानात नगरपालिकेने स्वतः शेती करणे ही नवलाची गोष्ट होती.

याआधीचे उदाहरण शोधायचे तर काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील फात्साचे द्यावे लागेल. तेथे १९७९ मध्ये फिक्री सोन्मेझ हे शिंपी अपक्ष महापौर झाले आणि त्यांनी नागरिकांच्या समित्यांमार्फत कारभार सुरू केला. जुलै १९८० मध्ये लष्करी कारवाईत त्यांना अटक झाली. १९८५ मध्ये तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला.

३१ मार्च २०१९ रोजी माचोलू तुंजेली या प्रांताच्या मुख्य शहराचे महापौर झाले. त्यांना मिळालेली मते एकतृतीयांशापेक्षा थोडी कमीच होती, परंतु प्रांताचे मुख्य शहर कम्युनिस्ट पक्षाच्या हाती येण्याची तुर्कस्तानातील ती पहिलीच वेळ. ही नगरपालिका २०१६ पासून सरकारनियुक्त प्रशासकाच्या ताब्यात होती. सूत्रे हाती घेताच माचोलू यांनी वारशाने आलेल्या कर्जाचा तपशील इमारतीवरच लावला.

खरा संघर्ष मात्र नावावरून झाला. या प्रदेशाचे जुने नाव देरसिम. १९३५ च्या कायद्याने ते बदलून तुंजेली करण्यात आले आणि १९३७-३८ च्या लष्करी मोहिमेत येथील हजारो अलेवी कुर्द व झाझा लोक मारले गेले. नगरपालिकेच्या फलकावर पुन्हा ‘देरसिम’ लिहिण्याचा ठराव २०१९ मध्ये संमत झाला, तेव्हा केंद्राने नेमलेल्या प्रांतप्रमुखांच्या कार्यालयाने त्याला हरकत घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेले. पाणीपट्टी ठरविण्याचा अधिकार महापौराला होता, गावाचे नाव ठरविण्याचा नव्हता.

२०२४ मध्ये माचोलू यांनी तुंजेली सोडून इस्तंबूलच्या काडिकोय या मोठ्या तालुक्यातून निवडणूक लढविली. तेथे ते पराभूत झाले. रिपब्लिकन पीपल्स पार्टीने ती जागा राखली. दहा वर्षांत कमावलेला विश्वास त्या डोंगराळ मुलखापुरताच होता, असे या निकालावरून म्हणता येते.

तुंजेलीत त्याच निवडणुकीत कुर्दसमर्थक डेम पक्षाचे उमेदवार निवडून आले, परंतु नोव्हेंबर २०२४ मध्ये गृहमंत्रालयाने त्यांना पदावरून दूर केले. दहशतवादाशी संबंधित आरोप असलेल्या महापौराच्या जागी प्रशासक नेमण्याची तरतूद सप्टेंबर २०१६ च्या आणीबाणीतील अध्यादेशाने करण्यात आली होती. त्याच दिवशी ओवाजिकच्या महापौरांनाही हटविण्यात आले आणि दोन्ही ठिकाणी प्रशासक नेमण्यात आले.